पिशवीतलं पाणी

जून सुरू झाला की सफाळ्याच्या दक्षिणेकडच्या खाडीचं पाणी बदलायला लागतं. मे महिन्याच्या अखेरीस जलसारच्या काठावर ओंजळीत घेतलेलं पाणी ओठांना झोंबतं, इतकं ते खारं असतं. मग त्र्यंबकच्या डोंगरात निघालेली वैतरणा पिंजाळ, सूर्या, तानसा यांना बरोबर घेऊन खाली उतरते. मुंबईची तहान भागवणारी धरणं वरच्या अंगाला आहेत, त्यामुळे उन्हाळाभर तिचं फारसं पाणी इथवर पोचत नाही. पावसाळ्यात मात्र ती सगळी बाकी फेडते. विरारहून येणारी गाडी वैतरणेच्या पुलावर आली की दारात उभी असलेली माणसं बोलणं थांबवून खाली पाहतात. भरतीचं राखी पाणी आणि वरून आलेलं तांबडं पाणी शेजारी शेजारी वाहत असतं, मधे फेसाची वाकडीतिकडी रेघ. पावसाने जोर धरला की ती रेघ दिसेनाशी होते आणि खाडी काठापासून काठापर्यंत तांबडी होऊन जाते.

त्या तांबड्या पाण्याखाली काय चाललं असेल, याचा विचार मी घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायला लागल्यापासून जास्त करतो. बोयी तिथेच असतात. चिंबोऱ्या तिवरांच्या मुळांत दडलेल्या असतात. निवट्या चिखलावर येऊन डोळे गरागरा फिरवत बसतात, पाण्याबाहेर, ओल्या कातडीतून श्वास घेत. दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, दोनदा मागे सरतो. उधाणाला तो खोलवर शिरतो, भांगाला काठावरच घुटमळतो. त्यावर पावसाळ्याचे चार महिने नदीचा रेटा. या जिवांच्या अंगाभोवतीचं पाणी कधीच एकसारखं राहत नाही. पाणी बदलतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक आहे, आणि त्यांची शरीरं त्याच हिशेबाने घडलेली आहेत.

माझ्या घरात, या खाडीपासून फार लांब नाही अशा जागी, काचेच्या चौकटीत एक समुद्र आहे, आणि तो बदलू नये म्हणून मी रोज धडपडतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे क्षारता मोजायच्या काट्यावर १.०२५ ते १.०२६. तापमान २६ अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात थंड करणारं यंत्र घुरघुरत असतं, वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावायला धावावं लागतं. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणून रोज सकाळी गाळलेलं गोडं पाणी घालून पातळी पुन्हा खुणेला आणायची. पाहुणे विचारतात, समुद्र इतका जवळ असताना मिठाची पाकिटं कशाला आणता? केळव्याचा, एडवणचा समुद्र मला फार प्रिय आहे. तो गाळाचा समुद्र आहे, नद्यांचा समुद्र आहे, त्याच गाळावर आमच्या किनाऱ्याची मासळी पोसली जाते. पण प्रवाळांमधल्या माशांना हवं असलेलं नितळ, एकसारखं पाणी तो देऊ शकत नाही. महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर लोक मालवणला जातात. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. आमच्याकडे चिखल, तिवरं आणि खाजणं.

प्रवाळांतले मासे नाजूक का, याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा खाडीने जास्त नीट समजावलं. उघड्या महासागरातल्या प्रवाळांभोवतीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ तसंच राहत आलं आहे. तिथे नदी येऊन मिळत नाही, तिथल्या पाण्याचा खारेपणा एका दिवसात अर्ध्यावर येत नाही. तिथला बटरफ्लाय मासा किंवा शेवाळी-निळ्या नक्षीचा मँडरिन मासा दुबळा मुळीच नाही. तो आपल्या जगात पूर्ण समर्थ आहे. त्याला फक्त बदलाची सवय नाही, कारण त्याच्या जगाने त्याला ती कधी लावली नाही. आपण ज्याला नाजूक म्हणतो त्याची अर्धी हकिगत तो जिथून आला त्या जागेची असते.

हे मासे माझ्याकडे मुंबईहून गाडीने येतात. डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली २०१३ साली. तेव्हापासून मांडीवर थर्माकोलचा खोका घेऊन बसायला निदान वेळापत्रक मिळालं. खोक्यात दुहेरी पिशवी असते, तळाचे कोपरे गुंडाळून बांधलेले, म्हणजे मासा कोपऱ्यात अडकून चेंगरत नाही. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू. भरण्याआधी जाणता विक्रेता माशाला एक दिवस उपाशी ठेवतो, कारण प्रवासात पोटातलं सगळं त्याच थोड्याशा पाण्यात येणार असतं. डब्यात सफाळ्याच्या भाजीवाल्या असतात. पहाटे भाजी घेऊन गेलेल्या, आता रिकाम्या टोपल्या एकात एक घालून परतणाऱ्या. खोका पाहून त्या विचारतात, काय आहे भाऊ? मासा म्हटल्यावर झाकण उघडून दाखवा म्हणतात. मी दाखवत नाही, कारण उजेडाने मासा दचकतो. हे सांगितलं की लगेच समजतात. एकीने आपल्या पदराचा कोपरा खोक्यावर टाकला होता, फटीतून येणाऱ्या उजेडावर. त्या हाताची ती अदब मला फार मोलाची वाटते.

पिशवीत मासा स्थिर दिसतो, पण त्याच्या अंगात मोठं काम चालू असतं. समुद्रातल्या हाडांच्या माशांचं रक्त समुद्राच्या साधारण एक तृतीयांश इतकंच खारं असतं. बाहेर जास्त मीठ, आत कमी. मीठ चोळून ठेवलेल्या काकडीला जसं पाणी सुटतं, तसं या माशाच्या कल्ल्यांतून सारखं पाणी बाहेर झिरपत असतं. म्हणजे पाण्यात राहणारा हा जीव कायम कोरडा पडण्याच्या बेतात असतो. तो समुद्राचं पाणी पितो. १९३० साली होमर स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. त्याने पाण्यात लाल रंगद्रव्य मिसळलं आणि ते माशांच्या आतड्यांत साचलेलं सापडलं. प्यायलेल्या पाण्याबरोबर आलेलं मीठ परत बाहेर टाकण्याचं काम कल्ल्यांतल्या खास पेशी करतात. त्या पेशींचं वर्णन दोनच वर्षांनी कीज आणि विल्मर यांनी केलं. गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलटं. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, तो पीत नाही, सारखं पातळ मूत्र बाहेर सोडत राहतो आणि मिठाचा कण न्‌ कण जपतो. पाणी भोवती सगळीकडे असूनही आपल्यापुरतं पाणी कमावावं लागणं, हे मला तासन्‌तास विचार करायला पुरतं.

आता खाडीतल्या बोयीकडे पुन्हा पाहा. ती हे दोन्ही करू शकते. पाणी खारं झालं की पिणारी, गोडं झालं की न पिणारी. जिताडा तर त्याहून पुढे. तो अंडी घालायला खाऱ्या पाण्यात जातो, वाढतो मात्र खाडीत आणि गोड्यात. रायगडात, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं धरून घराजवळच्या तळ्यात सोडायची रीत जुनी आहे. तळ्यातला जिताडा गणपतीला, लग्नकार्याला, पाहुण्यांना. ज्यांनी ही रीत घातली त्यांनी क्षारता मोजायचा काटा कधी पाहिला नसेल. पण पिल्लं पावसाळ्यातच धरायची, खाडी गोडी झालेली असतानाच, हे त्यांना कळलं होतं. खाडीचं पाणी आणि तळ्याचं पाणी त्या दिवसांत एकमेकांच्या जवळ आलेलं असतं. माशाला एका पाण्यातून दुसऱ्यात न्यायचं तर दोन पाणी एकमेकांजवळ येतील ती वेळ धरायची. यापेक्षा शहाणी पद्धत मला अजून कुठे वाचायला मिळालेली नाही.

घरच्या टाकीसाठी शिकवली जाणारी पद्धत वेगळी आहे. आधी बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं होतं. मग मासा त्याच्या पाण्यासकट बादलीत. टाकीतून हवेची बारीक नळी खाली सोडायची, तिला एक सैल गाठ मारायची आणि गाठ इतकी आवळायची की सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाकायचं, पुन्हा थेंब. खोलीतले दिवे मालवलेले. या तासाभरात करण्यासारखं काही नसतं, आणि म्हणूनच तो मला आवडतो. थेंबाचा आवाज बादली भरत जाते तसा बदलतो. सुरुवातीला टणक, नंतर भरदार. मासा तळाशी एका अंगाला कललेला असतो, मग हळूहळू सरळ होतो. कल्ल्यांची उघडझाप आधी घाईची, मग लांबते. बाहेर गुजरातकडे जाणारी मालगाडी जाते, जमीन किंचित हादरते, बादलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. मासा त्या वर्तुळांकडे पाहतो की नाही कोण जाणे. मी पाहतो.

हळूपणावर माझा विश्वास बसला तो या तासांत. आणि तो विश्वास अर्धवट होता हेही याच तासांनी शिकवलं, म्हणून थोडं पिशवीतल्या पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे.

मासा श्वास सोडतो तेव्हा पिशवीत कर्बवायू साठत जातो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडत असतो. पण आम्ल पाण्यात त्या अमोनियाचा बराचसा भाग अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. म्हणजे पिशवी जितकी मळत जाते तितकीच ती स्वतःचं विष बांधूनही ठेवते. लांबच्या प्रवासात मासा जगतो तो काहीसा या योगामुळे. आपण पिशवी उघडतो, कर्बवायू उडून जातो, थेंबाथेंबाने आलेलं टाकीचं पाणी आम्लता आणखी घालवतं, आणि इतका वेळ निमूट बसलेला अमोनिया त्याच पाण्यात घातक होऊन उठतो. इंडोनेशियाहून किंवा तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून दीड-दोन दिवस प्रवास करून आलेल्या माशाला मग तासभर थेंबांखाली ठेवणं म्हणजे त्याला त्याच्याच जुन्या पाण्यात कोंडून ठेवणं. अशा माशाचं तापमान जुळवायचं, आणि पिशवी उघडली की त्याला त्या पाण्यातून लगेच बाहेर काढायचं. जिवंत ठेवणारं पाणी आणि मारणारं पाणी एकच असतं. मधे फक्त पिशवीची गाठ सुटलेली असते.

घाई नको हे सगळेच सांगतात. कुठे उशीर नको, हे सांगणारे कमी भेटतात. पालघर जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या कोळंबीच्या तळ्यांवर काम करणाऱ्यांना हे दुसरं अंग पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याकडे येतं ते व्हनामी कोळंबीचं बीज. ही मूळची प्रशांत महासागराकाठची, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत ती आपल्या किनाऱ्यांवर सगळीकडे झाली. दक्षिणेतल्या बीजकेंद्रांतून विमानाने येणाऱ्या पिशव्यांत पापणीच्या केसाएवढे हजारो जीव असतात. ऊन चढायच्या आत किंवा उतरल्यावरच पिशव्या तळ्यावर येतात. त्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, बीज कसं पोहतंय ते हाताच्या तळव्यावर घेऊन पाहायचं. काठावरचा माणूस घड्याळ बघत नाही, बीज बघतो. ते प्रवाहाच्या उलट पोहायला लागलं, पिशवीच्या तोंडाकडे यायला लागलं, की पिशवी कलती करायची आणि त्याला आपल्या पायांनी बाहेर पडू द्यायचं. काठावर बसून हे पाहताना कुठलीही कृती मोठी वाटत नाही, आणि अख्ख्या हंगामाचं भवितव्य त्या अर्ध्या तासात ठरत असतं.

व्हनामी अर्थात सोशिक जात आहे, गोड्याच्या जवळ जाणाऱ्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत ती तग धरते. प्रवाळांतली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सफाईवाली कोळंबी तिची दूरची नातलग, पण तिच्यात हे बळ नाही. तिच्या अंगातलं द्रव बाहेरच्या समुद्राइतकंच खारं असतं; बाहेर जे बदलतं ते थेट आत बदलतं. तारामाशाचंही तसंच. माशाला निदान स्वतःचं आत आणि बाहेर वेगळं ठेवता येतं. यांच्यापाशी ती भिंतच नाही. अशांसाठी मात्र थेंबांचा तास पुरत नाही, दोन-तीन तास द्यावे लागतात, आणि मी ते आनंदाने देतो.

या छंदाच्या इतिहासात माझं मन पुन्हा पुन्हा एका बाईपाशी जातं. ॲना थिन. १८४६ साली तिने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला प्रवाळ पाहिले आणि ते दगडी बरणीत घालून लंडनला घरी नेले. समुद्र दूर, ताजं पाणी रोज आणणं अशक्य. तेव्हा त्याच पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, परत पहिल्यात, परत दुसऱ्यात, असं रोज बराच वेळ. हे काम बहुतेक तिच्या मोलकरणीच्या हातांनी झालं. त्या मोलकरणीचं नाव इतिहासाला माहीत नाही. ते प्रवाळ ॲनाने काही वर्षं जगवले. पंप नव्हता, वीज नव्हती, खारेपणाचा मूळ आधार होता बरणीतलं तेच जुनं पाणी. घरातल्या समुद्राची सुरुवात त्या दोन बायकांच्या मनगटांतून झाली, हे मला विजेच्या पंपाजवळ बसलेलं असताना नेहमी आठवतं.

पाणी जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. टाकीत आधीपासून राहणाऱ्यांचं काय? डॅम्सेल माशाने एक कपार आपली मानली की तो तिच्यासाठी आपल्या दुप्पट आकाराच्या माशावर धावून जातो. नव्याला कोपऱ्यात रेटतो, खाऊ देत नाही, पर फाटेपर्यंत चावतो. पाण्याच्या परीक्षेतून सुखरूप पार पडलेले मासे या छळाने दोन दिवसांत मरतात. यावर जुने छंदी लोक एक उपाय करतात, जो मला या सगळ्या विद्येतला सर्वांत सुंदर वाटतो. नवा मासा सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवायचे. कपारी मोडायच्या, नव्या जागी नव्या रचायच्या. मग जुन्यांनाही आपली जागा सापडत नाही. सगळेच काही तास गोंधळलेले, सगळेच शोधत फिरणारे. त्या सारखेपणात नव्याला एखादी कपार मिळून जाते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आमचा सर्वांत तापट मासा नव्याच्या शेजारून दोनदा गेला, त्याच्याकडे न पाहता, आपलं हरवलेलं घर शोधत.

आमच्या या पट्ट्यात एका पाण्यातून दुसऱ्यात जाणं माणसांनाही चुकलेलं नाही. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मासेमारीवर, शेतीवाडीवर जगणारी गावं; त्यांची नवी वसाहत दुसरीकडे वसली आणि पुनर्वसनाबद्दलच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. अणुभट्ट्या २००५ आणि २००६ साली वीज देऊ लागल्या. बोईसरच्या कारखान्यांसाठी देशभरातून माणसं आली, ती आपापल्या गावांतून उठून आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि डहाणू ते सातपाटीच्या किनाऱ्यावरची माणसं आपल्या पुढच्या पाण्याचा विचार करत आहेत. माणसाला आणि माशाला एका मापाने मोजण्याचा अधिकार मला नाही. पण नकाशावर गाव हलवताना त्या गावाच्या अंगात कुठलं पाणी भरलेलं आहे, हा प्रश्न कुणी वेळेवर विचारतो का, हे मला जाणून घ्यावंसं वाटतं. बांधलेली घरं मोजता येतात. किनाऱ्यापासून तुटणं कुठल्या काट्यावर मोजणार?

कुणी मला विचारतं की मग हे मासे आणताच कशाला. प्रश्न योग्य आहे आणि मी तो झटकत नाही. शोभेचे बहुतेक सागरी मासे आजही समुद्रातूनच पकडले जातात, आणि पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर किती गळतात याचा विचार केला की हात आखडतो. प्रवाळ आणि समुद्रघोडे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत; ते कुणी कितीही कमी किमतीत देऊ केले तरी घ्यायचे नाहीत. दुसरीकडे केरळात विळिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशाची पैदास करून दाखवली, आणि आपल्या ऐरोलीत खारफुटीच्या कामात असलेल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने सागरी शोभेच्या माशांचं बीजकेंद्र उभं केलं. टाकीत जन्मलेला क्लाउन मासा टाकीच्या पाण्याला बुजत नाही, पडेल तो दाणा खातो, त्याला हाताची सावली माहीत असते. माझ्या टाकीत आता असेच मासे जास्त आहेत. मँडरिन मासा मी आणत नाही. तो दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म जीव वेचून खातो, घरच्या लहान टाकीत ते पुरत नाहीत, आणि तो सुंदर दिसत दिसत उपाशी मरतो. जो आपल्याकडे जगणार नाही त्याला आपल्याकडे बोलावू नये, इतकं तरी आपल्या हातात आहे.

आणि जो येणार आहे, त्याच्यासाठी मी आता थेंबांचा तास क्वचितच लावतो. दुकानातल्या टाक्या बऱ्याचदा कमी खाऱ्या ठेवलेल्या असतात, परोपजीवी कमी व्हावेत म्हणून आणि मीठ वाचावं म्हणूनही. तिथला मासा १.०१९ च्या पाण्यात असेल आणि माझी टाकी १.०२५ वर, तर तासाभरात त्याला एवढं चढवणं त्याच्या शरीराला झेपत नाही. खारेपणा उतरला तर मासा त्यामानाने सोसतो. चढला तर जास्त प्यावं लागतं, जास्त मीठ बाहेर टाकावं लागतं, आणि त्यासाठी कल्ल्यांतल्या पेशींना दिवस लागतात. तास पुरत नाही. म्हणून मासा यायच्या आधी मी एक वेगळी छोटी टाकी तयार करतो. तिचं पाणी माझ्या समुद्राचं नसतं, दुकानातल्या पाण्याइतकंच खारं असतं. मासा पिशवीतून थेट तिच्यात जातो, काही मिनिटांत, जुनं पाणी मागे टाकून. तिथे तो दोन-तीन आठवडे एकटा राहतो, खायला लागतो, आजार असेल तर दिसतो. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मी रोज थोडं खारं पाणी घालत जातो. काटा रोज केसभर सरकतो, आणि मासा माझ्या समुद्रापर्यंत पोचतो तेव्हा त्याला पोचल्याचं कळतही नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी टाकी असेल किंवा यायची असेल, तर एवढं करा. मासा पसंत पडला तरी त्या दिवशी तो आणू नका. दुकानदाराला त्याच्या टाकीच्या पाण्याची क्षारता विचारा, त्याला सांगता येत नसेल तर स्वतःचा काटा घेऊन जा आणि मोजा. मासा कधी आला, कुठून आला ते विचारा. त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा आणि तो खातो का ते पाहा. घरी येऊन तेवढ्याच खारेपणाचं पाणी भरून ठेवा, त्यात हवा आणि ऊब द्या, दोन दिवस ते स्थिर राहतंय याची खात्री करा. मग जाऊन मासा आणा.